प्रिग खटला: न्यायमूर्ती स्टोरींनी पळवाट ठेवली की दार लावून घेतलं?

मोडीवाचक
अमेरिकेत मेरीलँडच्या ॲशमोरने आपल्या गुलाम मार्गारेट मॉर्गनला मोकळं राहू दिलं, पण मुक्तिपत्र काही लिहून दिलं नाही. १८३२ साली ती स्वतंत्र नवऱ्याबरोबर पेनसिल्व्हेनियात गेली. १८३७ मध्ये एडवर्ड प्रिग आणि साथीदारांनी तिला मुलांसकट पळालेली गुलाम म्हणून उचलून परत नेलं. पेनसिल्व्हेनियाच्या १८२६ च्या कायद्याने त्याआधी न्यायाधीशाचा दाखला लागत होता. तो नव्हता, म्हणून प्रिग दोषी. १८४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला.
तरी मी तो निकाल लिहिणाऱ्या न्या. स्टोरींच्या बाजूने. पळालेल्या गुलामांना परत देणं हे केंद्राचं काम, राज्यांच्या अधिकाऱ्यांवर सक्ती नाही, ही खुंटी त्यांनी त्याच निकालात ठोकली. राज्याच्या अधिकाऱ्यांना अशा कामात मदत करायला मनाई करणारा १८४३ चा कायदा मॅसॅच्युसेट्सने तिलाच टांगला.

पुरावा_दाखवा
आणि मार्गारेटचं पोर? ते पेनसिल्व्हेनियात, ती तिथे आल्यावर वर्षाहून जास्त काळाने जन्मलं, हे ज्यूरीने लिहून दिलं होतं. पळून आलेल्या आईचं तिथे जन्मलेलं मूल स्वतंत्र, हे त्या राज्याच्या कोर्टाने १८१६ लाच (हॉलोवे प्रकरण) ठरवलेलं. स्टोरींनी ही नोंद निकालात घेतली, पण ते मूल स्वतंत्र की गुलाम, यावर अवाक्षर काढलं नाही.

कज्जेदलाल
त्याहून वाईट म्हणजे, पळालेल्या गुलामांबद्दलच्या केंद्राच्या १७९३ च्या कायद्यात निदान धरलेल्याला न्यायाधीशापुढे उभं करावं लागे. तोंडी साक्ष किंवा प्रतिज्ञापत्र पुरे, ज्यूरी नाही, पण पायरी तरी होती. स्टोरी म्हणाले, शांतताभंग न करता मालक स्वतःच धरून नेऊ शकतो. मग माणूस चुकीचा धरला हे सांगायचं कुणाला?

मोडीवाचक
मुलाचं मान्य, तिथे उत्तर नाही. पण व्यवहार बघा. दूरच्या मालकाला कागद मागवायला दिवस लागत; तोवर माणूस ठेवायचा कुठे? सरकारी तुरुंगात. १८४२ च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनला जॉर्ज लॅटिमर या पळून आलेल्या गुलामाला असंच ठेवलं होतं. पुढच्या वर्षीच्या कायद्याने नेमकी ती कोठडी बंद केली.

पुरावा_दाखवा
लॅटिमर सुटला तो मालकाला ४०० डॉलर मोजल्यावर. आणि तुमच्या खुंटीला केंद्राचं उत्तर १८५० च्या कायद्याने आलं: अशा प्रकरणांचा निकाल द्यायला स्वतःचे अधिकारी (कमिशनर), माणूस परत दिला तर १० डॉलर फी, सोडला तर ५. धरलेल्याची स्वतःची साक्षच ग्राह्य नाही.

कज्जेदलाल
कागदपत्रं जास्त म्हणून फी दुप्पट, असं समर्थक सांगायचे. दाखला काय, दोन पानांचा!