मदत हवी आहे: सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. अशा दवाखान्यांची तपासणी कोण करतं? (निपाणी)

नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडी भागातल्या, किंवा वैद्यकीय क्षेत्रातल्या जाणकारांकडून जरा घाईने माहिती हवी आहे.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, हर्निया आहे. वय ६७, शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू. उभा जन्म तंबाखूच्या रानात गेला, खोकला कायमचाच. निपाणीतल्या एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशन ठरत आलंय. "सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा, ॲडमिटची भानगड नाही," असं सांगितलंय. खर्चही झेपणारा आहे. त्याच दिवशी घरी सोडण्याला माझा विरोध नाही. हर्निया, मोतीबिंदू आता सगळीकडे असेच होतात, आणि म्हाताऱ्या माणसाला घरचं अंथरूण केव्हाही बरं. मला काळजी वाटते ती त्या जागेची.

मी आणि मिस्टर जागा बघून आलो. टेबल, दिवा, एसी, सगळं स्वच्छ. कोपऱ्यात ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, पण त्याला मीटरच बसवलेला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "लागला तर पलीकडच्या खोलीतला काढून लावतो." भूल कोण देणार, विचारलं. "डॉक्टर बाहेरून येतात, फोन केला की. केस झाली की पुढच्या दवाखान्यात जातात." मग भूल उतरत असताना मामांजवळ कोण असणार? यावर नीट उत्तर मिळालं नाही. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

मिस्टरांच्या पॉलिसीत मामांचं नाव आहे, म्हणून तिथेही विचारलं. विम्याच्या नियमात डे केअर सेंटर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडणारा दवाखाना, कशाला म्हणायचं ते स्पष्ट आहे: स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर, नोकरीवर ठेवलेल्या प्रशिक्षित नर्स, जबाबदार पात्र डॉक्टर, रुग्णांची रोजची नोंद. पैसे देणारी कंपनी एवढं बघते, तर परवाना देणाऱ्याने त्याहून जास्त बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे कर्नाटकचा २००७ चा खाजगी वैद्यकीय आस्थापना कायदा लागतो, ज्याला सगळे केपीएमई म्हणतात. २०१७ मध्ये तो दुरुस्त झाला. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा आरोग्य अधिकारी सदस्य-सचिव असलेल्या समितीकडे नोंदणी असते आणि तक्रारीही तिथेच जातात. इथपर्यंत मला कळलं. पण नुसत्या तपासणीचा दवाखाना म्हणून नोंदलेल्या जागेत ऑपरेशन केलं तर ते बघतं कोण? मे २०२२ मध्ये बंगळूरला एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, तेव्हा त्या क्लिनिकच्या परवान्याचा प्रश्न निघाला. माणूस गेल्यावर. न्यूयॉर्क राज्यात २००९ पासून गुंगी किंवा भूल देऊन ऑपरेशन करणाऱ्या खाजगी डॉक्टरांच्या क्लिनिकलाही मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि काही विपरीत घडलं तर आरोग्य खात्याला कळवावं लागतं. आपल्याकडे असं काही आहे का?

शिवाय आमचं गाव आडबाजूला. रात्री काही झालं तर कोल्हापूर गाठायचं की बेळगाव? वेदगंगेला पूर आला की यमगर्णीजवळ महामार्गच बंद पडतो, २०१९ आणि २०२१ ला आपण पाहिलंय. घरात सगळे म्हणतात, डॉक्टरांना जास्त विचारू नको, त्यांना राग येईल. मला भांडायचं नाही, पण विचारल्याशिवाय मामांना टेबलावर झोपवणार नाही. नेमकं काय विचारू, कसं विचारू, सांगा.

प्रतिसाद, मिरजेहून:

ताई, मी बरीच वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे. विचारा, बिनधास्त विचारा. चांगल्या सर्जनला राग येत नाही.

आधी काउंटरजवळ केपीएमईचं प्रमाणपत्र बघा. ते दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, मुदत पाच वर्षांची असते. तारीख आणि कोणत्या प्रकारात नोंद आहे, दोन्ही वाचा. मग भूलतज्ज्ञांनाच भेटायला मागा. सदुसष्ट वय, शुगर, बीपी आणि जुना खोकला, एवढं असताना त्यांनी आदल्या दिवशी तरी पेशंट बघायलाच हवा, ईसीजी आणि छातीचा फोटो बघायला हवा. ऐन वेळी दारातून येऊन सुई टोचणं मला पटत नाही. आणि खोकला आटोक्यात आणल्याशिवाय हर्नियाची घाई करू नका, टाक्यांवर ताण येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीतून बाहेर नेण्याआधी मोठ्याने वाचायची. "तुमच्याकडे वाचता का?" एवढंच विचारा. उत्तरावरून बरंच कळेल.

घरी सोडताना बीपी स्थिर हवं, उलटी नको, आधाराने चालता यायला हवं आणि लघवी झालेली हवी. हर्नियानंतर पुरुषांना लघवी अडकते, रात्री अकराला घरी तेच घडतं. लघवी झाल्याशिवाय गाडीत बसवू नका. संमतीपत्र मराठीत समजावून घ्या. पर्याय आणि धोके समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच म्हटलंय. कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात.

धागाकर्ती:

ताई, फार आभार. लघवीचं कुणीच बोललं नव्हतं. प्रमाणपत्र बघायला उद्याच जाते आणि भूलतज्ज्ञांची वेळही मागते. ते भेटायला तयार झाले नाहीत तर तारीख पुढे ढकलून गडहिंग्लज किंवा बेळगावला दाखवायचं, असं मिस्टरांशी बोलून ठरवलंय. एक राहिलं: ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगरची गोळी द्यायची की नाही? आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी चौकशी कुणी केली असेल, तर उत्तर यायला किती दिवस लागले तेही कळवा.