मदत हवी आहे: चष्मा सारखा घसरतो, रोजच्या वापराला कोणती फ्रेम घेऊ? (नागपूर)

धरमपेठी
नमस्कार, लवकर सांगा प्लीज. नवीन चष्मा घेऊन तीन आठवडे झाले नि तो नाकावर टिकतच नाही, ऑफिसात मान खाली घातली की घसरला, घाम आला की घसरला, दिवसभर बोटाने वर ढकलून ढकलून वैताग आलाय. उजव्या कानामागे लाल होऊन दुखून राहिलंय ते वेगळंच. दुकानात परत गेले तर म्हणे वापरा, सवय होईल. शनिवारी दुसरी फ्रेम घ्यायला जातेय. कोणती घेऊ? बर्डीवर जाऊ की सदरला? चेहरा गोल आहे.

तर्रीपोहे
नंबर किती? फ्रेम मेटलची का प्लास्टिकची? हे न सांगता कोणी काय सांगणार बाप्पा.

विदर्भकन्या
गोल चेहरा म्हणजे चौकोनी फ्रेम घे, डोळे झाकून घे. माझा पण गोल आहे, चौकोनी घेतली तेव्हापासून सगळे म्हणतात चेहरा लांब दिसतो. मरून कलर छान दिसेल.

धरमपेठी
फ्रेम काळी आहे, मोठी. नंबर मायनसमधे आहे. दिसण्याचं नंतर पाहू ताई, आधी ती नाकावर राहिली पाहिजे.

महालकर
रिमलेस घ्या, म्हणजे काचेभोवती कडं नसलेली, विषय संपला. मी 11 वर्षांपासून रिमलेसच वापरून राहिलो, वजन जाणवतच नाही.

तर्रीपोहे
रंग नाही, मटेरियल विचारलं होतं. आणि नंबर किती ते अजूनही नाही सांगितलं.

जुना_दुकानदार
मी इतवारीत काकाच्या चष्म्याच्या दुकानात नऊ वर्षं बसलो, म्हणून लिहितो. ताई, गोल चेहरा-चौकोनी चेहरा हे दिसण्यापुरतं आहे. चष्मा टिकतो तो नाकावर अन् कानामागे. काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे असतात, 52-18-140 असे काहीतरी. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या ब्रिजचा, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमधे. ते इथे लिहा, सोबत पूर्ण नंबर अन् पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. पीडी कार्डावर नसेल तर दुकानात फोन करून मागा.
अन् एकाच कानामागे दुखतंय म्हणजे त्या बाजूची काडी कानाच्या आधीच वाकली आहे. बहुतेकांचे दोन्ही कान एका उंचीवर नसतात, म्हणून काड्या माणूस समोर बसवूनच वाकवाव्या लागतात. हे सवयीने जात नाही.

मेट्रोप्रवासी
चष्म्याची कटकटच कशाला, लॅसिक करून टाका. माझ्या साळ्याने केलं, मस्त आहे तो.

तर्रीपोहे
तिनं फ्रेम विचारली भाऊ, ऑपरेशन नाही. नंबर स्थिर लागतो, कॉर्निया पुरेसा जाड लागतो, ते डॉक्टर तपासून ठरवतात. शनिवारपर्यंत चष्मा तर लागेलच नं तिला.

धरमपेठी
आता बघितलं. काडीवर 55-17-145 आहे. उजवा -6.25, डावा -5.75. पीडी 61. फ्रेम जाड प्लास्टिकची, अ‍ॅसिटेट लिहिलंय, नाकावर वेगळे पॅड नाहीत. हे आधी सांगायला हवं होतं, माझ्या डोक्यात आलंच नाही.

जुना_दुकानदार
मग कारण इथंच आहे. 55 अधिक 17 म्हणजे 72, हे फ्रेममधल्या दोन काचांच्या मध्यांतलं अंतर, तुमची पीडी 61, फरक 11. म्हणजे दोन्ही काचांचा मध्य साडेपाच-साडेपाच मिमी नाकाकडे सरकवावा लागला. मायनसची काच कडेला जाड असते, त्यामुळे कानाकडची कड अजूनच जाड झाली अन् सगळं वजन पुढे आलं. 48-17 घेतली तर बेरीज 65, फरक 4, एका बाजूला दोनच मिमी. महागडी पातळ काच घेण्याआधी फ्रेम लहान करा, फायदा जास्त होतो. त्यावर 1.67 इंडेक्सची, म्हणजे त्याच नंबराला पातळ बसणारी काच घेतली तर अजून बरं.
पॅडवाली मेटल किंवा टायटॅनियम पाहा, पॅड आतबाहेर करून नाकाला बसवता येतात. अ‍ॅसिटेटचा ब्रिज जसा आहे तसाच राहतो, काड्या मात्र गरम करून वाकतात. टीआर90, म्हणजे लवचिक प्लास्टिकची फ्रेम, हलकी असते खरी पण वाकवलेली नीट राहत नाही, हा माझा अनुभव.

महालकर
रिमलेस सगळ्यात हलकी, हे का नाही सांगत?

जुना_दुकानदार
सहाच्या नंबरला रिमलेसमधे जाड कड उघडी दिसते, काड्या बसवायला काचेला पाडलेल्या भोकाजवळ काच तडकायची भीती असते. तुमचा नंबर किती?

महालकर
दीड. बरं, ते खरं आहे.

काकू_रामदासपेठ
अगं आणि उन्हाळ्यात चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस. आपल्याकडे मे महिन्यात 45 पार जातं, माझ्या काचेच्या कोटिंगवर बारीक जाळं पडलं होतं. आणि मेटलच्या पॅडजवळ हिरवं साचतं, साबणाच्या पाण्याने रोज धू.

तर्रीपोहे
दुकानात फ्रेम घालून मोठ्ठं हस. गालाला लागून वर उचलली गेली तर ती घेऊ नको. गाडी चालवत असशील तर हेल्मेट सोबत ने, जाड काड्या हेल्मेटमधे कानाला दाबतात.

धरमपेठी
जाऊन आले, बर्डीवरच गेले. 48-18, पॅडवाली टायटॅनियम. आधी पाचेक फ्रेम हसल्यावर गालाला लागल्या, ही नाही लागली. हेल्मेट नेलं होतं, त्यात पण घालून पाहिली. काचा मंगळवारी मिळणार. तिथल्या दादांनी जुन्या चष्म्याच्या काड्या गरम वाळूत धरून दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या वाकवून दिल्या, पैसे पण नाही घेतले. खाली बघितलं की अजून थोडा घसरतो पण कानामागचं दुखणं कालपासून नाही. खूप खूप आभार जुना_दुकानदार दादा.

विदर्भकन्या
कलर कोणता घेतला पण?