केळी, लिंबू, शेवगा: एकाच मोटारीवर ठिबक?

यावलकर: काळी जमीन, मधे केळी, कडेला लिंबू नि शेवगा. केळीला पोटभर दिलं की शेवग्याची मुळं कुजतात. ड्रिपर कमी करू का?

तापीकाठ: दादा, तेवढ्यानं भागत नाही. मे महिन्यात केळीला रोज पाणी, लिंबाला बहारासाठी ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडायचं. वेळच वेगळी, म्हणून सबमेनवर, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपावर, पिकागणिक एक असे तीन व्हॉल्व बसवा. लिंबाचा ड्रिपर खोडाशी नको, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो. झाड वाढेल तशी नळी सावलीच्या कडेला सरकवा.

चोपड्याचे आबा: शेवग्याला आधी मूठभर माती दाबून बघा. चिकट गोळा झाला तर कॉक बंदच.

यावलकर: दोनच ओळी चालू असल्या तर प्रेशरनं नळ्या निसटतील ना?

तापीकाठ: मोटारीजवळचा बायपास (पाणी परत वळवायचा कॉक) थोडा उघडा, जादा पाणी परत विहिरीत.