परदेशी विद्यार्थ्यांचे क्लब आणि आपली फुकटची हमाली : तुमचे अनुभव सांगा

पाटावरवंटा :
परवा माळा आवरताना एक ॲप्रन सापडला, हळदीचे डाग अजून तसेच, आणि सगळं डोळ्यासमोर आलं म्हणून हा धागा. जर्मनीत मास्टर्स करत होतो तेव्हाची गोष्ट. युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक जुनं दुमजली घर होतं, क्लब म्हणायचे सगळे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि एक पियानो ज्याच्या तीन पट्ट्या वाजायच्याच नाहीत. आम्ही व्हॉलंटिअर. म्हणजे खुर्च्या लावा, खुर्च्या काढा, आणि मोबदला काय तर उरलेलं अन्न डब्यात.

दर महिन्याला लेंडरआबेंड असायची, एकेका देशाची संध्याकाळ. आमची पाळी आली जानेवारीत, मग तिळगूळ ठरला. रात्री एक वाजेपर्यंत चार पोरं वड्या पाडतोय, एकदा पाक कच्चा, एकदा इतका पक्का की कलथा पातेल्यालाच चिकटला. दुसऱ्या दिवशी क्लबची व्यवस्था बघणारी मुलगी आली, म्हणे पाटी लावा. तिकडे युरोपात ॲलर्जीची एक यादी आहे १४ पदार्थांची, त्यातलं काही असेल तर सांगायचं. तीळ त्यात, शेंगदाणे त्यात, उसळीच्या फोडणीतली मोहरी पण त्यात! झालं. ताटलीपुढे ठळक अक्षरात तीळ, शेंगदाणे, आणि पुढे उद्गारचिन्ह, जसं काही उंदराचं औषध ठेवलंय. पाऊण तास कुणी हात लावला नाही. मग एक सीरियन मुलगी आली, एक वडी उचलली, कडकन चावली, म्हणाली आमच्याकडे याला सिमसिमिया म्हणतात, आणि पेपर नॅपकिनमध्ये सहा बांधून घेऊन गेली. गोड बोला म्हणायचं राहूनच गेलं.

आणि एक होत्या सत्तरीच्या बाई, गावातल्याच, युनिव्हर्सिटीशी काही देणंघेणं नाही, पण दर कार्यक्रमाला भांडी विसळायला हजर. सगळं आटपलं की चमचे मोजायच्या. ४८ पाहिजेत. दोन वर्षांत एकदाही ४८ भरले नाहीत, आणि दर वेळी त्या आमच्याकडे अशा बघायच्या की खिसे उलटे करून दाखवावेसे वाटायचे.

चला, तुमचं येऊ द्या. स्टेजवरचं नको, मागचं सांगा.

नारायणपेठी :
माझं उलटं आहे, मी कुठे गेलो नाही, तेच इथे आले. पुण्यात परदेशी पोरं पूर्वीपासून, इराणी, आफ्रिकन, मॉरिशसची. त्यातूनच सिम्बायोसिस उभी राहिली हे नव्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये बॉटनी शिकवायचे आणि होस्टेलचे रेक्टर होते, त्यांना दिसलं की एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देतेय. रेक्टरला जी शंका येईल ती आली. चौकशी केली तर मुलगा मॉरिशसचा, कावीळ झालेली, आणि ती बिचारी त्याला जेवण आणून देत होती. १९७१ मध्ये संस्था निघाली ती अशा पोरांना आपलं माणूस मिळावं म्हणून, नाव पण बॉटनीतलंच, सहजीवन. आता ॲडमिशनच्या रांगा बघतो तेव्हा ती खिडकी आठवते, असो.

माझा अनुभव नवरोजचा. आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचा छोटा ग्रुप होता, मी त्यांचा लोकल माणूस, म्हणजे रिक्षावाल्याशी भांडायला. दोन इराणी मित्र आमच्या समोर भाड्याने राहायचे. २० मार्चच्या आसपास त्यांचं नवीन वर्ष, त्याला हफ्त-सीन मांडतात, फारसीत स पासून सुरू होणाऱ्या सात वस्तू. सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेरके म्हणजे व्हिनेगर हे तुळशीबागेच्या आसपास मिळालं. सेंजेद म्हणून एक सुकं फळ लागतं ते कुठून आणणार. त्यांच्या घरमालकीण काकू म्हणाल्या सुकी बोरं ठेवा, सुकी म्हणजे स आहेच की! ठेवली पण.

खरी मजा सब्जेची. सब्जे म्हणजे गहू भिजवून उगवलेलं हिरवं रोप, ताटलीत ओल्या फडक्यावर वाढवतात. पुण्यातला मार्च, पहिलं पिवळं पडलं, दुसरं कुजलं, पोरं रडकुंडीला. काकू आल्या, ताटली बघितली आणि म्हणाल्या अरे हे तर घट बसवलेत तुम्ही, मग फडक्यावर काय लावताय. परडी आणली, माती पसरली, माती ओली पाहिजे, चिखल नको, असं दहा वेळा सांगून वर स्वतः रोज सकाळी येऊन पाणी शिंपडायच्या. वीतभर झाले गहू. त्यातल्या एका मुलाची आई फोटो बघून फोनवर म्हणे माती कशाला घातली. प्रत्येक घरात एक तरी असं माणूस असतं.

मग त्यांनी सांगितलं की हे तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. काकू दचकल्या, तेराव्याला? शुभ आहे ना रे बाबांनो? शेवटी स्कूटरवर दोन्ही हातात परडी धरून मी मागे बसलो आणि खडकवासल्याला जाऊन सोडून आलो. मुठा नदीत सोडायचं सुचवलं होतं पण वाहतं पाणी ही अट होती.

गोधडी :
न्यूयॉर्कला इंटरनॅशनल हाऊसमध्ये राहिलेय, रिव्हरसाइड ड्राइव्हवरचं. तिथे गेल्या गेल्या ती गोष्ट ऐकवतात, १९०९ ला हॅरी एडमंड्स नावाच्या माणसाने कोलंबियाच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज गुड मॉर्निंग केलं, तो थांबून म्हणाला तीन आठवडे झाले येऊन, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. मग हे नवरा-बायको रविवारी परदेशी पोरांना घरी जेवायला बोलवायला लागले, पुढे रॉकफेलरच्या पैशातून १९२४ ला इमारत झाली, मग बर्कली, शिकागो. सगळे भारावतात. मला पहिला प्रश्न पडला की दर रविवारी एवढ्यांचा स्वयंपाक कोण करत होतं? एडमंड्सच्या बायकोचं, फ्लोरेन्सबाईंचं नाव गोष्टीत येतं ते पटकन येऊन जातं.

माझी हमाली म्हणजे साड्या नेसवणं. एका कार्यक्रमाला मी उत्साहात सांगून बसले की नऊवारी नेसवेन. माझ्याकडे नऊवारी दोन, नेसायला तयार मुली अकरा. बाकीच्यांना पाचवारी आणि सेफ्टी पिना. एक ब्राझीलची मुलगी होती जवळजवळ सहा फूट, तिला कासोटा घातला तर काठ गुडघ्याच्या जरासाच खाली, म्हटलं हे कोळीण स्टाइल म्हणून खपवू. ती तशीच स्टेजवर गेली आणि सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच. मी मात्र तोंडात चार पिना धरून विंगेत, माझ्या स्वतःच्या अंगावर जीन्स. त्या दिवसाचा माझा एकही फोटो नाही.

बिनपगारी :
फोटो नाही तर नाही, माझे पैसे नाहीत! कुठला देश, कुठला क्लब सांगत नाही. आम्ही वीस किलो तांदूळ, पनीर, तेल सगळं स्वतःच्या कार्डवर घेतलं, बिलं दिली की परत मिळतील असं ठरलेलं. बिलं दिली. मग म्हणे मूळ पावती पाहिजे, फोटोकॉपी चालणार नाही. मूळ दिली. मग म्हणे थर्मल कागदावरची छपाई उडालीये, वाचता येत नाही. अहो उडणारच, तीन महिने तुमच्या ड्रॉवरमध्ये होती! तोवर कमिटी बदलली, नवीन खजिनदार माझ्याकडे असा बघतो की मीच पनीर खाऊन आलोय. तेव्हापासून मी फक्त खुर्च्या उचलतो.

मुकावाचक :
एक्स्टेंशन बोर्ड. जगातल्या कुठल्याही क्लबात कार्यक्रम सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी एक्स्टेंशन बोर्ड सापडत नाही. बाकी चालू द्या.

गोधडी :
@बिनपगारी, पनीरवर हसले, सॉरी.

नारायणपेठी :
@पाटावरवंटा, त्या चमच्यांचं पुढे काय झालं?

पाटावरवंटा :
तेच लिहायला आलो. तिथून निघायच्या आदल्या आठवड्यात बाईंना सांगायला गेलो, त्यांनी हातावर चॉकलेटचा डबा ठेवला आणि विचारलं तिकडे जेवण कोण करतं आता तुझं. म्हटलं आई. मान हलवली, जसं काही आईलाही मोजून बघणार होत्या.

आत्ता तुझा प्रश्न वाचला आणि उठून मिसळणाचा डबा उघडला. हळदीतला चमचा आमचा नाही. दांड्यावर क्लबचं नाव आहे. आईला विचारलं तर म्हणे तुझ्याच बॅगेतून निघाला होता, मला वाटलं तिकडे विकत घेतलास.