पोरं खडाखडा वाचतात पण कळत काही नाही, खेळातून जमेल का?

सत्तरीची_टीचर:
वाळपईजवळच्या शाळेत चौथीला मराठी शिकवते. उतारा पोरं धडाधड वाचतात, पण "तो परत का गेला?" विचारलं की उताऱ्यातलीच एक ओळ उचलून जशीच्या तशी सांगतात. म्हणून कहूटवर (स्क्रीनवर प्रश्न येतात, बटण दाबून उत्तर द्यायचं ते ॲप) क्विझ घेतली, वर्गात नुसता दंगा, सगळी खूश, पण उतारा न वाचताच पटापट बटणं दाबतात. खेळाने आकलन खरंच वाढतं का?

म्हापशेकर:
अहो टीचर, त्यात लवकर उत्तर दिलं की जास्त पॉइंट, मग वाचेल कोण! एका प्रश्नाला 4 मिनिटांपर्यंत वेळ देता येतो तो द्या. न वाचता जिंकता येतं तो वाचनाचा खेळच नव्हे.

डिचोलीची_माई:
मी गणेश चवथीच्या आधी माटोळीचा खेळ घेते, माटोळी म्हणजे आपल्या गोव्यात गणपतीच्या वर फळं बांधून करतात ती सजावट. वर्गात दोरी बांधायची, पुठ्ठ्याची फळं आणि गटाला एक चिठ्ठी: "नारळाच्या उजवीकडे चिबूड बांधा, पण तिथे सुपारीचा घोस असेल तर आंबाडे बांधा." पोरं "चिबूड बांधा" एवढंच वाचून धावतात, "पण" राहतो मागे! मग दुसऱ्या गटाने चूक धरायची, तीही चिठ्ठीतल्या ओळीवर बोट ठेवून, नायतर पॉइंट नाही. खरं वाचन या भांडणातच होतं. भांडण कोंकणीतून झालं तर होऊ दे, घरची भाषा तीच ना, चिठ्ठी तेवढी मराठीत.

फोंड्याचा_मास्तर:
माई 👌 पण टीचर, खेळाआधी एक बघा. उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तोच प्रश्न विचारा. तेव्हा उत्तर आलं तर अडचण वाचण्यात, तरीही अडली तर भाषेत. वाचनाचे अभ्यासक गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये हेच मांडलं होतं, अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं दोन्ही लागतं, एक शून्य असेल तर आकलनही शून्य. तुमची पोरं खडाखडा वाचतात म्हणजे बहुतेक दुखणं भाषेचंच, तिथे आधी गप्पा आणि शब्द, खेळ नंतर.

सत्तरीची_टीचर:
माई, माटोळी करतेच. पण गटात एकच हुशार वाचतो, बाकीचे बघे, त्यांचं काय?

डिचोलीची_माई:
चिठ्ठी कापून वाटायची गो, एकेकाला एकेक ओळ. दुसऱ्याला दाखवायची नाही, वाचून आपल्या शब्दांत सांगायची.