सिंटरक्लास खोटा, मग गौरीची पावलं कोणाची?

डोसा_आणि_ड्रॉप
काल खरं_तेच_बोलेन यांचा लेख वाचला आणि डोकंच फिरलं, म्हणून हा धागा. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: ताईंनी सहा वर्षांच्या लेकीला सांगून टाकलं की सिंटरक्लास (नेदरलँड्समध्ये पोरांना भेटी आणणारा म्हातारा) म्हणजे दाढी चिकटवलेला माणूस, लेकीने दुसऱ्या दिवशी ते वर्गात जाहीर केलं, तीन पोरं रडली, बाईंनी भेटायला बोलावलं, आणि ताई लिहितात "मला अभिमान वाटतो".

अहो, कसला अभिमान? आम्ही तिथे, आयंडहोवनला, अकरा वर्षं काढली. नोव्हेंबरच्या मध्यात म्हातारा स्पेनहून आगबोटीने येतो, गावाचा महापौर स्वागताला उभा, टीव्हीवर रोज त्याच्या खास बातम्या (२००१ पासून चालू आहेत!), आख्खा देश मिळून पोरांसमोर नाटक करतो आणि एक मोठा माणूस फुटत नाही. ५ डिसेंबरला भेटी. त्याआधी पोरं रात्री बूट मांडून ठेवतात, बुटात घोड्यासाठी गाजर. ते गाजर रात्री साडेअकराला कोण खातं? मी. कच्चं. आणि सगळं नाही खायचं, बुडखा ठेवायचा, दातांच्या खुणा दिसल्या पाहिजेत. पहिल्या वर्षी सवयीने सोलून खाल्लं तर पोरगी म्हणे, बाबा, घोड्याने सालं कुठे टाकली? आता सांगा, बूट खरा, गाजर खरं, सकाळी बुटात सापडलेलं चॉकलेटचं अक्षर खरं. खोटं काय उरलं? नाव?

खरं_तेच_बोलेन
माझ्या नावाने धागा, वा! आधी दुरुस्ती: दोन रडली, तीन नाही. आणि मी आपणहून सांगितलं नव्हतं. तिने विचारलं, आई खरं सांग, असतो का? असं विचारल्यावर हो म्हणायचं? तुमचं नाटक गोड असेल हो, पण महिनाभर "नीट जेव, नाहीतर सिंटला कळेल" चालतं ना घरोघरी? आपला बागुलबुवाच तो, लाल झगा घालून आलेला.

कोकणकडा
सगळे म्हाताऱ्यावर बोलताय, त्याच्या नोकरावर, पीटवर, कोणीच नाही. माझ्या मुलाला २०१३ मध्ये वर्गातली पोरं पीट म्हणून हाक मारायची, रंगावरून. तोंडं काळी करून, ओठ लाल रंगवून नाचणारे ते नोकर बघून आम्ही टाळ्या वाजवायच्या? २०१९ पासून देशाच्या मुख्य मिरवणुकीत नुसती काजळी फासलेले पीट आले म्हणे, उपकारच झाले. तुमच्या गाजराचं कौतुक ठेवा तुमच्याकडे.

डोसा_आणि_ड्रॉप
पीटबद्दल मान्य. पण तो वेगळा धागा काढा ना राव.

सौ_उपटसुंभ
सिंटरक्लास म्हणजे संत निकोलस, आणि तो खरा होता बरं का. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, म्हणजे आजचं तुर्कस्तान. अस्थी १०८७ मध्ये इटलीत बारीला नेल्या. त्यामुळे "नसतोच" हे काही बरोबर नाही.

रच्याकने, खरं_तेच_बोलेन ताई, तुमच्याकडे गौरी बसतात ना? फोटो टाकले होतेत भाद्रपदात. दारापासून आतपर्यंत पावलं कोण काढतं? मूठ वळून पिठात बुडवायची, कडेने उमटवायची, वर बोटाने पाच ठिपके. "गौर आली, कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली." तेव्हा लेकीला सांगता का, बाळा, ही माझी मूठ आहे म्हणून?

खरं_तेच_बोलेन
गौरीचा काय संबंध?? ती पूजा आहे. श्रद्धा आणि दाढीवाला एका तराजूत घालताय, लाज वाटायला हवी.

सौ_उपटसुंभ
लाज माझी मी बघते. पूजा मीही करते, तीस वर्षं, सोळा भाज्यांसकट. मला माहितीये मूठ माझी आहे आणि तरी मागे वळून पावलं बघितली की वाटतं, आली. तेच तर म्हणतेय.

कोकणकडा
आमच्याकडे तेरड्याची गौर. मुखवट्यांचा थाट घाटावरच.

सौ_उपटसुंभ
झालं, आता हा वाद सुरू. आणि आमचा थाट तुम्हाला कधीपासून खुपायला लागला?

खरं_तेच_बोलेन
माझ्या लेकीला माहितीये मूठ माझी आहे. तीच ठिपके काढते. घ्या.

सौ_उपटसुंभ
मग गौर येते की नाही तिच्यासाठी?

खरं_तेच_बोलेन
येते. झालं समाधान?

चिंचपोकळी_फास्ट
तुमचं चालू द्या. मी चाळीत वाढलो, वडील गिरणीत. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, डिसेंबर आला तरी मिटला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या ख्रिश्चन मित्राने सांगितलं, सांता चांगल्या मुलांना खाऊ देतो, धर्म बघत नाही. मी शाळेचा मोजा खिडकीच्या गजाला बांधला. सकाळी मोजा तसाच, दवाने ओला. बापाकडे पैसे नाहीत हे मला नववीत जाईपर्यंत लक्षात आलं नाही हो, मला वाटलं मी चांगला नाही. आईला मोजा ओला का ते सांगितलंही नाही. गाजर खा नाहीतर मुळा खा, पण "चांगल्या मुलांना मिळतं" एवढं वाक्य तेवढं काढून टाका.

डोसा_आणि_ड्रॉप
काका, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घरात ते वाक्य आहे, विशेषतः जेवणाच्या वेळी. बघतो.
ताई, "धाक" वाला मुद्दा तुमचा. एवढाच. वर्गातली दोन पोरं माझ्या हिशोबात अजून तुमच्याच नावावर आहेत.

खरं_तेच_बोलेन
उपकार झाले. त्यातल्या एकाची आई आता माझी मैत्रीण आहे, पोरगा म्हणतो, दाढी चिकटवलेली असली तरी तोच आहे तो. आणि गाजर सोलायचं नसतं हे मलाही माहीत होतं.

चिंचपोकळी_फास्ट
नात तिथेच आहे, उट्रेख्टला. थंडीत जातोय. खोटे दात आहेत माझे, गाजरावर खुणा उमटतील का?

डोसा_आणि_ड्रॉप
किसणीच्या कडेने खरवडा काका. घोड्याचे दात तसेही मोठे असतात.