इंदूर: एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागतो, तपासणी कशी करून घ्यावी?

विजयनगरकर:
नमस्कार. माझ्या गाडीतील एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागतो, आणि तोही बहुधा चालकाचे आसन मागे-पुढे सरकवल्यावर. हॉर्न व स्टिअरिंगवरील बटणे व्यवस्थित चालतात. एका गॅरेजने दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर न लावताच क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधील तारांची गुंडाळलेली पट्टी) बदलण्यास सांगितले आहे. हा खर्च करावा का, आणि काम कोणाकडे द्यावे?

राऊचा वायरमन:
तूर्त करू नये. क्लॉक स्प्रिंगमधून हॉर्न आणि बटणांच्या ताराही जातात. ती तुटली की एअरबॅगच्या दिव्याबरोबर बहुतेकदा हॉर्नही रुसतो. आपल्या गाडीत पहिला संशय आसनाखालच्या पिवळ्या कपलरवर (एअरबॅगच्या तारा जोडणाऱ्या कनेक्टरवर) घ्यावा. किल्ली फिरवताच मॉड्यूल (एअरबॅगचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक संच) प्रत्येक एअरबॅगच्या सर्किटचा विद्युत रोध तपासते, आणि तो साधारणपणे २ ते ३ ओहमच असल्यामुळे ताणलेली तार किंवा हिरवट पडलेली एखादी पिन यांनी थोडी भर घातली, तरी दोष नोंदला जातो. आसनाखाली सामान कोंबण्याची सवय असल्यास कपलर ढिला होऊ शकतो.

विजयनगरकर:
मग मीच कपलर काढून मल्टिमीटरने तपासू का?

राऊचा वायरमन:
कृपया नको. मीटरचा स्वतःचा प्रवाहही एअरबॅग उडवू शकतो. शिवाय कपलर सुटताच त्यातील पट्टी दोन्ही पिना आपसांत जोडते, त्यामुळे तारेवर घेतलेले मापही फसवे येते. जाणकार मिस्त्री बॅटरीची ऋण तार काढून, मॉड्यूलमधील विजेचा साठा उतरेपर्यंत मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबतो, एअरबॅगच्या जागी तेवढ्याच रोधाचा डमी रेझिस्टर लावतो, बॅटरी जोडून नोंदलेल्या दोषाचा कोड पुसतो आणि आसन सरकवून पाहतो. कोड परत आला तर दोष तारेत, कपलरात किंवा मॉड्यूलमध्ये. न आला तर एअरबॅगमध्ये किंवा तिच्या जोडणीत.

पलासियाकर:
देवास नाक्याकडे गॅरेजे पुष्कळ आहेत, पण गाडी सोडण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: स्कॅनर एअरबॅगचे कोड वाचतो का (स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापुरतेच असतात), आणि डमी रेझिस्टर आहे का. दुसऱ्या प्रश्नावर मिस्त्री हसला, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे. दिवा सतत लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेलच असे नाही, म्हणून काम लांबवू नये. गाडी परत घेताना किल्ली फिरवून दिवा आधी लागतो आणि काही सेकंदांनी विझतो, हे स्वतः पाहावे. तो मुळीच लागला नाही, तर दिव्याचीच तार काढून ठेवलेली असू शकते.